गोल कंस, चौकोनी कंस

आई भाकरी थापायला बसली की आमच्या कासारवाडीच्या दोन खोल्यांत दुसरा आवाज टिकत नसे. बीडकडून, माहेराहून आणलेली लाकडी काटवट तिच्या पुढ्यात असायची आणि बाजरीचा गोळा तिच्या तळव्याखाली असा गरगर फिरायचा की त्या थापांच्या तालावर मी कितीतरी धडे पाठ केले. गल्लीत कंपन्यांत कामाला आलेली सडी पोरं राहायची, त्यांचे डबे आई करायची. त्यामुळं घरात सकाळ-संध्याकाळ चूल पेटलेलीच. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची, आमटी उकळायला लागली की तिचा वास आधी नाकात शिरायचा, मग घशात, मग वाळत घातलेल्या कपड्यांत. तव्यावर सुकट पडली की पप्पा बाहेरूनच विचारायचे, "आज काय दिवाळी हाय का?" घराच्या मागून रेल्वे जायची. मालगाडी आली की मांडणीवरची ताटं किणकिणायला लागायची आणि बोलणारा माणूस गाडी जाईपर्यंत वाक्य तोंडात धरून बसायचा. पप्पा मात्र थांबायचे नाहीत. त्यांच्या उमेदीची सगळी वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये गेली होती, आणि पत्रा दाबणाऱ्या त्या धुडांच्या वर आवाज काढून बोलायची सवय अंगात मुरली होती.

मला त्या घरातलं जे आठवतं ते असं कानानं आणि नाकानंच आठवतं. दहावीत असताना संध्याकाळी घरी येताना मला गटाराचा काठ दिसेनासा झाला. आधी बाजूचं गेलं, मग हळूहळू समोरचं. बारावी पास झाले तेव्हा उजेड कुठून येतोय तेवढं कळत होतं. डोळ्यांच्या मागचा पडदा सुकत चाललाय, यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पप्पांनी माझे रिपोर्ट घेऊन आणखी दोन-तीन दवाखाने पालथे घातले. सगळीकडं तेच उत्तर मिळाल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून मला जपायला सुरुवात केली. पाण्याचा तांब्या हातात यायचा, चप्पल पायाशी यायची. मोरीच्या दारापर्यंत जायचं तरी पप्पा मनगट धरायचे. शेजारपाजारच्या बायका आईला म्हणायच्या, "पोरगी एवढं करते तेच खूप आहे हो." एवढं म्हणजे काय, तर मी लसूण सोलायचे. माझी बुद्धी डोळ्यांबरोबर गेली असं कुणी उघड म्हणत नव्हतं, पण माझ्याशी बोलताना सगळे शब्द सुटे सुटे करून, लहान लेकराशी बोलावं तसे बोलायचे. त्याची मला इतकी चीड यायची की सोललेल्या लसणात कितीतरी पाकळ्या चिरडलेल्या निघायच्या.

मग पिंपरीतल्या एका संस्थेत मी स्क्रीन रीडर शिकले. स्क्रीनवर जे लिहिलेलं असतं ते वाचून दाखवणारा हा कॉम्प्युटरमधला आवाज. इंग्रजी, सपाट, न थकणारा. आईनं त्याचं नाव ठेवलं 'मास्तर'. "तुझा मास्तर आज लईच घाईत दिसायलाय," असं ती भाकरी थापता थापता म्हणायची. त्या संस्थेत अधूनमधून शिकवायला येणाऱ्या शेख मॅडम देहूरोडच्या होत्या. संत तुकाराम नगरात, एका पिठाच्या गिरणीच्या वर, त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर क्लास होता. एकदा त्या मला म्हणाल्या, "करुणा, टायपिंगवर थांबायचं नाही. तू प्रोग्रामिंगला ये. पायथन शिकवते." पप्पांना हे पसंत नव्हतं. "आगं, तितं डोळस पोरं बसत्यात. आपुन कशाला मदी तडमडायचं?" असं त्यांचं म्हणणं. पण आई काटवटीवरून न उठता म्हणाली, "जाऊ द्या तिला. बसून बसून खुळी व्हायलीय." दुसऱ्या दिवशी पप्पांनी मला क्लासला न्यायला स्कूटर पुसली.

तो क्लास मला अजून अंगावर जाणवतो. खाली गिरणी सुरू झाली की फरशी थरथरायची आणि तळपायांतून ती थरथर खुर्चीत यायची. ज्वारीचं ऊन ऊन पीठ, जिन्यातला पिठूळ कठडा, मॅडमच्या बांगड्या. एका कानात मास्तर आणि दुसऱ्या कानात मॅडम, असं माझं शिक्षण चाललं. लूप मला पहिल्यांदा समजला तेव्हा आईच्या डब्यांचीच रांग डोळ्यांपुढं आली. डबे ओळीनं मांडलेत, एकेक उचलायचा, आमटी वाढायची, झाकण लावायचं, पुढचा. रांग संपली की काम संपलं. कॉम्प्युटरला हे एकदा सांगितलं की तो कंटाळत नाही. आज माझ्या हाताखाली शिकायला येणारी मुलं लूपसारख्या गोष्टीला हसतात, इतकं ते त्यांना सोपं वाटतं. मी त्यांना काही म्हणत नाही. ज्याला वर्षानुवर्षं प्रत्येक गोष्ट दुसऱ्यानं उचलून हातात दिली, त्यालाच कळेल की आपण हुकूम दिला आणि रांगच्या रांग आपल्या सांगण्यावरून चालली यात काय असतं ते.

वर्षभरानं मॅडमनी चाकणच्या एका कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला. गाडीचे पंप बनवणारी कंपनी. तयार पंप एका यंत्रावर चालवून बघायचा, त्या यंत्राला ठिकठिकाणी सेन्सर लावलेले. प्रत्येक सेन्सरनं सांगितलेला आकडा ठरल्या मर्यादेत आहे का हे तपासणारे प्रोग्राम त्यांना हवे होते. तिथले साळवी साहेब माझ्याबद्दल ऐकून घुटमळले, पण मॅडमनी सोडलं नाही. शेवटी त्यांनी एक फाईल पाठवली आणि सांगितलं, हा प्रोग्राम लिहून सोमवारी घेऊन या, माझ्यासमोर चालवून दाखवा. फाईलमध्ये जुन्या सेन्सरांची नावं होती. त्यांना हात लावायचा नाही, अशी अट. नवीन सेन्सरांची नावं मी माझ्याकडून लिहायची, आणि जुनी-नवी सगळी मिळून एकाच लूपमध्ये तपासायची. काम एवढंच.

मी दोन्ही रांगा अधिकच्या चिन्हानं जोडल्या आणि प्रोग्राम चालवला. मास्तर म्हणाला, "टाइप एरर. कॅन ओन्ली कॉन्कॅटिनेट लिस्ट नॉट टपल टू लिस्ट." म्हणजे लिस्टला लिस्टच जोडता येते, टपल जोडता येत नाही. लिस्ट आणि टपल या दोन्ही रांगाच. लिस्ट चौकोनी कंसात लिहितात, तिच्यात नंतर भर घालता येते. टपल गोल कंसात, एकदा केली की कायमची. हे मला पाठ होतं. पण टपल आहे कुठं? मी माझी ओळ ऐकली. नाव, नाव, नाव. कंपनीची ओळ ऐकली. नाव, नाव, नाव. दोन्ही ओळी कानाला अगदी जुळ्या बहिणी. मी माझी रांग पुसून पुन्हा लिहिली, जपून चौकोनी कंसात. पुन्हा तेच. शनिवार असा गेला. मॅडम नणंदेकडच्या लग्नाला नगरला गेल्या होत्या आणि त्यांचा फोन लागत नव्हता. रविवारी दुपारपर्यंत मी तेच वाक्य इतक्यांदा ऐकलं की आई म्हणाली, "त्या मास्तरला सांग, आमाला बी पाठ झालं आता."

पप्पा फर्स्ट शिफ्ट करून आले. रविवारचा ओव्हरटाइम होता. हातपाय धुऊन माझ्यामागं येऊन उभे राहिले.

"मी वाचून दाखवू का?"

"नको. वाचून घ्यायचं असतं तर मास्तर कशाला पाहिजे?"

"मास्तरला दिसत न्हाई. मला दिसतंय."

"पप्पा, उद्या तिथं तुम्ही वाचून दाखवणार आहात का?"

आईनं तेवढ्यात त्यांच्यापुढं चहा आणि माझ्यापुढं चहा असा ठेवला की माझ्याशेजारी बसल्याशिवाय पप्पांना तो पिता येऊ नये. पप्पा बसले. आणि चहा पिता पिता, माझ्याशी नाही तर जणू स्वतःशीच, स्क्रीनकडं बघून मोठमोठ्यानं वाचायला लागले. इंग्रजी त्यांना अक्षरं जुळवण्यापुरतं येत होतं. "हितं एक कंस हाय. गोल. मंग दोन टिंबं वर लटकल्यात. मंग यफ, आर, ओ... मंग पुन्यांदा लटकल्यात. सोल्पविराम. आन खालची ओळ, हितं चौकोनी कंस हाय..."

"थांबा. वरचा कोणता म्हणालात?"

"गोल."

"नीट बघा."

"आगं, गोल म्हंजी गोल. वीस वर्सं पत्रा दाबायचं डाय बघतुया म्या, गोल आन चौकोन कळत न्हाई व्हय मला?"

कंपनीची रांग टपल होती. हात लावायचा नाही म्हणूनच ती गोल कंसात होती. आणि मास्तर ओळ वाचताना कंस उच्चारतच नव्हता. स्वल्पविरामही नाही. एकेका अक्षरावरून कर्सर नेत गेले असते तर त्यानं सांगितलं असतं. पण जी ओळ सरळ ऐकू येते तिच्यात अक्षरन्‌अक्षर कोण चाचपत बसतं? माझे स्वतःचे कंस मी टाइप करताना ऐकले होते, म्हणून मला वाटत होतं सगळंच मला ऐकू येतं.

"मंग कर की गोलाचा चौकोन," पप्पा म्हणाले. "हाय काय, न्हाई काय."

"तसं नाही चालत. ती फाईल त्यांची आहे."

त्या संध्याकाळी गल्लीतल्या बुद्धविहारात वंदना सुरू झाली, आई तिकडं गेली, पप्पा डबे पोचवायला गेले, आणि मी दोन गोष्टींच्या मागं लागले. पहिली म्हणजे मास्तरचं तोंड उघडणं. त्याच्या सेटिंगचा एकेक कप्पा मी उघडून ऐकला, आणि शेवटी तो सापडला: सगळी विरामचिन्हं उच्चार. ते सुरू केलं मात्र, तो असा काही बडबडायला लागला की शब्दांपेक्षा चिन्हंच जास्त. लेफ्ट पॅरेन, कोट, कॉमा, कोट, राइट पॅरेन. पॅरेन म्हणजे गोल कंस, कोट म्हणजे पप्पांची ती लटकलेली टिंबं. डोकं भणभणून गेलं. पण त्या बडबडीतून ओळीचा आकार हाताला लागायला लागला. दुसरी गोष्ट म्हणजे जोडणी. पायथनच्या मदतीच्या पानांतून ऐकत ऐकत मला 'चेन' सापडली. दोन रांगा एकमेकींत कालवायच्याच नाहीत. लूपला फक्त सांगायचं, आधी ही रांग संपव, मग तिच्यामागची घे. एक गोल असो, दुसरी चौकोनी असो, चेनला त्याचं काही नाही. कंपनीची रांग जशीच्या तशी राहिली आणि लूप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता गेला. आई वंदनेहून आली तेव्हा मी तिला सगळी नावं पुन्हा ऐकवली. तिला त्यातलं काही कळलं नाही. "आता तो रागं भरत न्हाई का?" एवढंच तिनं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर येसर भाजायला घेतला.

सोमवारी पप्पांनी रजा टाकली. चाकणच्या रस्त्यावर ट्रेलरांमागून ट्रेलर. स्कूटरवर माझ्या तोंडावर त्यांच्या धुराचे गरम झोत येत होते आणि मांडीवर लॅपटॉपची पिशवी मी आवळून धरली होती. साळवी साहेब आवाजावरून चांगले वाटले. त्यांनी खुर्ची सरकवून दिली, पाणी मागवलं, आणि पप्पांकडं तोंड करून बोलायला लागले.

"मुलगी हुशार आहे, मॅडमनी सांगितलंय. पण मी स्पष्टच बोलतो. इथं एखादी ओळ चुकली तर खराब पंप पास होऊन कुणाच्या तरी गाडीत बसेल. भर रस्त्यात इंजिन बंद पडेल. ती जबाबदारी मोठी आहे."

"बरोबर आहे, सर," मी म्हणाले. "म्हणून आधी बघून घ्या."

प्रोग्राम चालला. एकेक नाव, एकेक आकडा, सगळं ठीक. साहेब 'हं' म्हणाले. मग खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला. "एक नाव राहिलंय. ऑइलचा सेन्सर कालच बसवलाय. तो वेगळा जोडून दाखवा."

मी लिहिलं. कायमचा सेन्सर, म्हणून गोल कंसात एकच नाव, ऑइल. ती तिसरी रांग चेनमध्ये टाकली आणि चालवलं. जुनी नावं गेली, नवी नावं गेली, आणि मग मास्तर म्हणाला, "ओ, नो रीडिंग. आय, नो रीडिंग. एल, नो रीडिंग."

पप्पांची खुर्ची करकरली.

"असं कसं झालं?" साहेब म्हणाले. मग आवाज मऊ करून, "असू दे, असू दे. ताण घेऊ नका. आमचा एक मुलगा आहे, तो बघून दुरुस्त करेल. तुम्ही एवढं केलंत तेच खूप आहे."

ते शब्द ऐकले आणि माझे कान तापले. "सर, त्याला नका बोलावू. मी इथंच बसते. चूक माझी आहे, मीच काढते."

"करुणा, म्या वाचू का एकदा..."

"नको, पप्पा."

ते परत मागं टेकून बसले. त्यांना ते किती जड गेलं असेल हे मला आज, माझ्या लेकीच्या शाळेच्या दारात उभी राहते तेव्हा, समजतं. त्या वेळी मला फक्त माझ्या ओळी ऐकू येत होत्या. ऑइल हे एक नाव न राहता त्याची अक्षरं सुटी झाली होती. म्हणजे लूपनं त्या शब्दालाच रांग समजून एकेक अक्षर उचललं होतं. शब्द ही सुद्धा अक्षरांची रांगच की. पण मी तर कंस घातला होता. मग कंस असूनही तिची टपल का झाली नाही? मी कंपनीची ओळ ऐकली. लेफ्ट पॅरेन, कोट, नाव, कोट, कॉमा. पुन्हा नाव, पुन्हा कॉमा. मग माझी ओळ. लेफ्ट पॅरेन, कोट, ऑइल, कोट, राइट पॅरेन. परत कंपनीची. परत माझी. साहेबांचा फोन वाजला, त्यांनी तो कापला. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं. त्यांच्या ओळीत कॉमा होता, माझ्यात नव्हता. एकच नाव, म्हणून मी तो घातलाच नव्हता. आणि पायथनच्या लेखी टपल होते ती त्या कॉमामुळं. एकट्या नावाभोवतीचा कंस नुसता गुंडाळलेला कागद.

मी नावापुढं कॉमा दिला. चालवलं. मास्तर शेवटाकडं आला आणि म्हणाला, "ऑइल, ओके."

"परत चालवा," साहेब म्हणाले. मी परत चालवलं. मग त्यांनी मला खोटा, मर्यादेबाहेरचा आकडा घालायला लावला. प्रोग्रामनं तो पंप नापास केला. तेव्हा पहिल्यांदा ते माझ्याकडं तोंड करून बोलले. आवाज सरळ माझ्या कपाळावर आला. "तीन महिने ट्रेनी म्हणून घेतो. जमत नाही असं वाटलं तर तोंडावर सांगेन."

"सांगा, सर."

"जाण्यायेण्याचं काय?"

"मी सोडीन की तिला रोज," पप्पा म्हणाले.

"कंपनीची बस नाशिक फाट्यावर थांबते ना, सर?" मी विचारलं. थांबत होती.

घरी त्यावरून रण माजलं. पप्पा रजा टाकायला निघाले, तीन महिन्यांची. आई म्हणाली, "अन् चौथ्या महिन्यात?" शेवटी असं ठरलं की कामावर रुजू व्हायच्या आधीचा आठवडाभर रोज सकाळी पप्पांनी माझ्याबरोबर फाट्यापर्यंत यायचं, पण मागून. हात धरायचा नाही, रस्ता सांगायचा नाही. पहिल्या दिवशी मी काठीनं एका हातगाडीचं केळ्यांची फणी पाडली. गाडीवाला ओरडला, मग काठी बघून वरमला. मी केळी उचलून दिली आणि पुढं निघाले. दुसऱ्या दिवशी एका रिक्षावाल्यानं माझं कोपर धरून मला उलट्या बाजूला नेऊन सोडलं, तेव्हा पप्पा मागून धावत येता येता थांबले. मी स्वतःच विचारत विचारत परत फिरले. शेवटी शेवटी, चहाच्या टपरीवरचा स्टोव्ह ऐकू आला की वळायचं, उड्डाणपुलाखालचा घुमणारा आवाज डाव्या हाताला ठेवायचा, हे पायांत बसलं.

कामाच्या पहिल्या दिवशीची बस मात्र मी एकटीनं धरली. त्या आठवड्यात पप्पांची फर्स्ट शिफ्ट होती आणि ते घरातून माझ्याआधी निघून गेले होते. आईनं डब्यात भाकरी, सुकट आणि लसणाची चटणी दिली, दाराशी आली आणि आत गेली. बस आली तशी मी दांडी शोधून वर चढले. कुणीतरी सरकून जागा दिली. बाई होती, हातातल्या पिशवीत वाजणारा डबा, अंगाला खोबरेल तेलाचा वास.

"कुठल्या डिपार्टमेंटला?" तिनं विचारलं.

गेली काही वर्षं असा कुठलाही प्रश्न, नाव काय, वय काय, हिला पाणी हवंय का, मला कुणी विचारत नसे. ज्यानं माझा हात धरलेला असे त्याला विचारत. मी सवयीनं क्षणभर थांबले. उत्तर द्यायला माझ्याशेजारी दुसरं कुणी नव्हतं.

"टेस्टिंगला," मी म्हणाले. "आजच लागलेय."

"मग दुपारी आमच्यात बसा जेवायला," ती म्हणाली. "काय आणलंय डब्यात?"

"सुकट."

"अगंबाई," ती म्हणाली, आणि मागच्या सीटवरच्या दोघी-तिघींना तिनं खुशीत, मोठ्यानं सांगितलं, "आज सुकट आहे गं!"